सेंट मेरी मीडला वाचक परत परत का जातात?

मंडळी, सेंट मेरी मीड हे गाव इंग्लंडच्या नकाशावर शोधू नका. ते अगाथा ख्रिस्तींनी रचलेलं. तिथं मिस मार्पल राहतात. अविवाहित, वयस्कर, हातात विणकाम. १९२७ साली त्या पहिल्यांदा एका कथेत आल्या आणि शेवटची कादंबरी निघाली १९७६ला, लेखिका गेल्यानंतर. एकूण १२ कादंबऱ्या, २० कथा.

आता बघा, खुनी कोण हे एकदा कळलं की रहस्यकथा संपली. तरी लोक तेच पुस्तक चौथ्यांदा काढतात. बाग, चहा, निवांतपणा यांसाठी, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. या गावात विषप्रयोगही होतातच की! ओढ आहे ती ओळखीची. संशयित पाहिला की मिस मार्पलना गावातलं कुणीतरी आठवतं, त्याची खोड आठवते, आणि तिथून त्या माग काढतात.

पण ही ओळख टिकणार नाही, हे ख्रिस्तींना कळत होतं. १९५०च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये मिस मार्पल हेच बोलून दाखवतात: पूर्वी शेजारी कोण ते ठाऊक असे, आता नवा माणूस सांगेल तेच खरं धरायचं. १९६२च्या ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’मध्ये तर गावाला नवी वसाहत येऊन चिकटते. सोबतीच्या बाईला खरेदीला पाठवून मिस मार्पल तिकडे एकट्याच फिरायला जातात आणि पडतात. उचलायला धावते एक अनोळखी बाई. घरात नेऊन चहा पाजते. पुढे खून होतो तो तिचाच.