जुना संगणक, मुक्त प्रणाली

केळापूरला आमच्या घरी एक जुना संगणक धूळ खात पडला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. पुढच्या आवृत्तीच्या अटींत आमचं यंत्र बसेना. मग भंगारात द्यायचं का? आम्ही पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं. ते तिथूनच चालवून बघता येतं, डिस्कवर न बसवता. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तपासलं, फायलींची प्रत काढून ठेवली, मगच बसवलं.

आता, फुकट म्हणजे मुक्त नव्हे. १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर करणारे रिचर्ड स्टॉलमन चार हक्क सांगतात : वापरा, आतून तपासा, वाटा, बदला. यंत्र निकामी झालं, हे ठरवायचं कोणी? आपला प्रश्न तोच आहे.