म्हातारपणाची पुंजी (लेखांक ६) : किमान शुल्काचा कमाल भार

लोकांची पुंजी सांभाळणाऱ्या संस्थेने त्यातला किती वाटा स्वतःकडे ठेवावा, हा प्रश्न साताऱ्याला नवा नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये तिथे वेस्टर्न इंडिया विमा कंपनी उभी केली. पुढे १९३८ चा विमा कायदा आला, १९५० च्या दुरुस्तीने विमा कंपन्यांच्या व्यवस्थापन खर्चाला मर्यादा घातली आणि १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात ही कंपनी आयुर्विमा महामंडळात विलीन झाली. दीर्घ मुदतीचा पैसा सांभाळण्याचा मोबदला सांभाळणाऱ्यानेच ठरवू नये, हे तत्त्व तेव्हापासून रुजले आहे. पेन्शन फंडांच्या बाबतीत मात्र आपण ते अर्धेच पाळतो.

पाळलेला अर्धा भाग मोलाचा आहे. राष्ट्रीय पेन्शन योजनेत फंड व्यवस्थापकाचे शुल्क एप्रिल २०२१ पासून वर्षाला ०.०९ ते ०.०३ टक्के अशा उतरत्या टप्प्यांत बांधले गेले. युनिट संलग्न विमा-पेन्शन योजनांत हीच मर्यादा १.३५ टक्के आहे. हा फरक किरकोळ वाटतो, पण वर्षाला १० टक्के वाढ धरली तर एक लाखाचे तीस वर्षांनी ०.०९ टक्के शुल्कात सुमारे १७ लाख होतात, १.३५ टक्क्यांत सुमारे १२ लाख. पाच लाखांची ही तफावत कोणत्याही पावतीवर दिसत नाही. जे दिसत नाही त्याची घासाघीस ग्राहक करू शकत नाही, म्हणून मर्यादा नियामकानेच घालायला हवी.

नियंत्रण अपुरे पडते ते पैसे भरण्याच्या खिडकीवर. राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या २०२२ च्या दरपत्रकात बँक किंवा अन्य केंद्रामार्फत भरलेल्या प्रत्येक हप्त्यावर ०.५० टक्क्यांपर्यंत, पण किमान ३० रुपये शुल्क ठरले, जीएसटी वेगळा. दहा हजार भरणाऱ्याला ५० रुपये, म्हणजे अर्धा टक्का पडतो. सांगलीतला भाजीविक्रेता किंवा खानापूर-आटपाडीकडचा गलाई कारागीर महिन्याला ५०० भरत असेल, तर त्याचे सहा टक्के तिथेच कापले जातात. वर्षाचे ३६० रुपये होतात. १० टक्के परतावा मिळाला तरी पहिल्या वर्षीची त्याची कमाई याहून कमी भरते. जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकाची वर्गणी पगारातूनच जाते, त्याला ही खिडकी लागत नाही. ज्याच्यामागे मालक नाही, त्याच्यावरच भार सर्वाधिक.

यावर पहिला आक्षेप असा की पावती ५०० ची असो वा ५० हजारांची, काम तेवढेच. मग शुल्क कमी कसे करायचे? खर्च खरा आहे, पण तो त्याच हप्त्यातून काढला पाहिजे असे नाही. अटल पेन्शन योजनेत खाती उघडण्यासाठी बँकांना सरकारकडून प्रोत्साहन रक्कम मिळते. तोच मार्ग इथे घेता येईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००९ मध्ये राष्ट्रीय पेन्शन योजना सर्वांसाठी खुली झाली तेव्हा मोबदला इतका तुटपुंजा होता की ती विकायला कोणी उत्सुक नव्हते. हे खरेच आहे. पण त्यातून निघणारा धडा विक्रेत्याला पुरेसा मोबदला द्या एवढाच आहे. तो गरिबाच्या हप्त्यातून द्या, असा नाही. ऑनलाइन भरा, हा सल्लाही पुरत नाही. त्याच दरपत्रकात तिथे किमान १५ रुपये होते, म्हणजे ५०० वर तीन टक्के.

म्हणून मागणी साधी आहे. लहान हप्त्यांवरचे किमान शुल्क काढून टाकावे, आणि सर्व प्रकारचे शुल्क मिळून वर्षाच्या वर्गणीच्या एका ठरावीक टक्क्यापुढे जाऊ नये. ब्रिटनने २०१५ पासून नोकरदारांना आपोआप लागू होणाऱ्या (डिफॉल्ट) पेन्शन फंडांवर ०.७५ टक्क्यांची मर्यादा घातली, तीही निधीच्या प्रमाणात. वर्षअखेरीच्या विवरणात कापलेली एकूण रक्कम रुपयांत, एकाच ओळीत छापली जावी. मर्यादा पाळली जाते की नाही, हे मग खातेदारालाच तपासता येईल.

(पुढील लेखांकात : साठीनंतरची वार्षिकी आणि तिची किंमत)