दंडाची पावती

सौर प्रकल्पासाठी गायरान मोजायला माणसं आली, की आमच्या हिंगोलीतल्या नरसी भागात जुन्या ट्रंका उघडतात. तळाशी घडीवर विरलेल्या पावत्या असतात, अतिक्रमणाच्या दंडाच्या. दोन एकर गायरान आपण कसलं, याला गरिबाकडे तेवढाच पुरावा उरलाय.

निजामाचं राज्य 1948 ला गेलं, 1960 ला महाराष्ट्र झाला. गायरान कागदावर गुरांचंच राहिलं आणि बांधाला लागून असलेला मोठा शेतकरी दरसाल एक तास आत नांगरत राहिला. त्याला कुणी अतिक्रमणदार म्हटलं नाही. 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले, तेव्हा कुठे हा प्रश्न दिल्लीला कळला.

माझं दशक नव्वदचं. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला: 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करावीत. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, म्हणून लोकांचा विश्वास बसला. नामदेवांच्या देवळाकडे निघालो, की वाटेत कुणीतरी थांबवून अर्ज लिहून घ्यायचं. तलाठ्याच्या अतिक्रमणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 1-ई मध्ये, नोंद असेल तर ठीक, नसेल तर दंडाची पावती जोडायची. दंड लागला म्हणून हरखलेली माणसं मी त्या वर्षांत पाहिली.

तेव्हा कयाधू नदीच्या अंगाला मारवेल, कुसळी आणि बोरी-बाभळींत लाल कंधारी गुरं चरत. गुराखी आणि कसणारा भांडायचे, पण संध्याकाळी पारावर मिटायचं. आता गवत नाही, गुराखीही नाही.

1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आम्ही पेढे वाटले. पुढे दप्तरांच्या हलवाहलवीत माझ्या हातच्या अर्जांचा एक गठ्ठा गहाळ झाला, मूळ पावत्यांसकट. ‘पुन्हा अर्ज करा,’ एवढंच उत्तर मिळालं. त्यातले तिघे-चौघे नाव लागायची वाट बघत वारले.

2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्याच निकालात सरकारी आदेशाने भूमिहीनांना आणि दलित-आदिवासींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे. तेवढा भाग कुणी वाचून दाखवत नाही.

आता प्रश्न सौर प्रकल्पाचा. दिवसा वीज ही मागणी आमचीच. रात्री मोटार चालू करायला गेलेल्यांना साप चावलेत. पण 2023 पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे. तीस-पस्तीस वर्षं गायरान कसणाऱ्याचं सातबाऱ्यावर नावच नाही, त्याला भाडं कुठलं? नाव लावायला ज्या शासनाला तीन दशकं पुरली नाहीत, त्याला तीच जमीन मोकळी म्हणून दाखवायला वेळ लागला नाही. हा अन्याय आहे.

येत्या ग्रामसभेत 1-ई ची नोंदवही मागा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा. आणि जुनी पावती असेल तर तिची झेरॉक्स द्या. मूळ प्रत कुणाच्याही टेबलावर ठेवू नका.