उतरताना तीन

पहाटे ५.१५
कुलूप काढलं, दोन्ही हात शटरखाली घातले आणि एका दमात वर लोटलं. सावकाश उचलायला गेलं की ते अर्ध्यात अडकतं. सांगलीतल्या या तळमजल्यावरच्या जिममध्ये मी ट्रेनर आहे. त्याआधी बरीच वर्षं वेटलिफ्टिंग केलं. दिवसभराचं माझं मुख्य काम मोजणं. वजन किती, ते प्लेटवर लिहिलेलं असतं. ते किती वेळात वर गेलं आणि किती वेळात खाली आलं, ते शेजारी उभं राहूनच मोजावं लागतं.

५.४५
नवा आलेला मुलगा डंबेल घेऊन बायसेप्स मारतोय. कमरेतून झटका, डंबेल वर, मग धप्पकन खाली. असे वीस झाल्यावर विचारतो, "ताई, कसं झालं?"
"कमरेचा व्यायाम छान झाला."
डंबेल बदलून पाच किलोचं दिलं. वर नेताना एक, उतरताना एक... दोन... तीन. आठव्या रेपला हात थरथरायला लागला. स्नायू आखडताना जेवढं वजन उचलतो, त्याहून जास्त वजन तो लांबताना पेलतो. त्यामुळे उतरताना वजन सोडून देणं म्हणजे अर्धी मेहनत वाया घालवणं. उद्या-परवा दंड दुखेल, घाबरू नकोस, हेही सांगून ठेवलं.
"मग अजून हळू केलं तर अजून फायदा?"
हा प्रश्न ठरलेला. २०१५ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र मांडून पाहिले. एक रेप अर्ध्या सेकंदात करा की आठ सेकंदांत, दमेपर्यंत केला तर स्नायूंची वाढ साधारण सारखीच दिसली. दहा सेकंदांच्या पुढे मात्र फायदा घटलेला दिसतो. इतकं संथ करायचं तर वजन फारच हलकं घ्यावं लागतं. तेव्हा तीन हे काही वेदवाक्य नाही. मी तो आकडा धरते, कारण खाली तीन मोजणाऱ्याला झटका मारून स्वतःला फसवता येत नाही.

७.३०
महिलांची बॅच. स्क्वॉटमध्ये मांड्या पेटल्या की काकूंचे आकडे पळायला लागतात. 'एक, दोन, तीन'चं 'एकदोनतीन' होतं. म्हणून मोजायचं मी, त्यांनी माझ्यामागून मोठ्यानं म्हणायचं. दोघींना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. जोर लावताना श्वास कोंडला की दाब झपकन चढतो, आणि तोंडानं आकडे म्हणत असताना श्वास कोंडता येत नाही.

९.००
अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक. इथे हिशेब बदलतो. वयाबरोबर ताकद घटते, पण ती चटकन वापरण्याची क्षमता त्याहून लवकर घटते. ठेच लागली तर पाय पुढे टाकायला क्षणभरच मिळतो; त्या वेळी नुसती ताकद असून भागत नाही, ती वेळेवर यावी लागते. पहिले दोन महिने सगळं सावकाश करून घेतलं. आता खुर्चीवर बसताना तीन मोजायचे आणि माझी टाळी वाजली की ताडकन उठायचं. पाच वेळा करून विश्रांती. उठण्यातला चटकपणा गेला की त्या दिवसापुरतं थांबायचं.
"शाळेत मी घंटा वाजवली की पोरं उठायची," ते म्हणाले. "आता तू टाळी वाजवतेस, पोरी."

११.३०
चहा आणि वही. प्रत्येकाच्या पानावर चार आकडे असतात. ३-१-१-० म्हणजे उतरताना तीन सेकंद, खाली एक थांबा, वर जाताना एक आणि वर न थांबता पुढचा रेप. सरांच्या पानावर तिसऱ्या जागी आकडा नाही, 'एक्स' आहे: होईल तितक्या वेगानं. दुपारी जिम बंद.

४.३०
स्नॅच, म्हणजे जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर नेणं, शिकणाऱ्या तीन मुली; पंधरा किलोचा बार. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत घाई करायची नाही. मांडीजवळ आला की सगळा जीव ओतायचा. धाकटीची घाई जमिनीवरच होते, म्हणून बार तिच्यापासून लांब पळतो.
वजन वाढलं की बार संथ होणारच. ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर ते मोजून दाखवलं: भार जितका जास्त, आखडण्याचा वेग तितका कमी. म्हणून मुलींना सांगते, बार हळू गेला तरी चालेल, ढकलण्यात कसूर नको.
मोबाइलवर स्लो मोशन घेऊन बघतो. वेग फार पडला की सेट बंद. मोठीला हे पटत नाही, तिला अजून दोन मारायचे असतात. स्पेनमध्ये स्क्वॉटवर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये छापून आला. वेग २० टक्के घटल्यावर थांबणाऱ्यांची आणि ४० टक्के घटेपर्यंत रेटणाऱ्यांची ताकद जवळपास सारखीच वाढली. रेटणाऱ्यांच्या मांड्या जास्त भरल्या, पण उडी आधी थांबणाऱ्यांची जास्त सुधारली. लिफ्टरला उडी हवी.
एक किलोची किंमत मात्र यांना शिकवावी लागत नाही. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे २४८ किलो उचलले. पुढच्या प्रयत्नात कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोनं हुकलं.

७.३०
गर्दी. बेंचवर ऐंशी किलो. बार छातीवर आपटून उसळतोय आणि स्पॉटर मित्र "अजून एक, भावा!" म्हणत निम्मं वजन स्वतःच ओढतोय. मी प्लेट काढून साठ केले.
"मॅडम, सगळे बघतायत."
"बघू देत. उतरताना तीन, छातीला टेकव, एक थांब, मग ढकल."
चार झाले, पाचवा अडकला. उठून घाम पुसत म्हणाला, "साठ एवढं जड असतं?"
"साठ तेवढंच असतं. आज तू एकट्यानं उचललंस."

१०.१५
प्लेट जागेवर लावल्या, दिवे मालवले. वरच्या मजल्यावर घरमालक झोपलेत. शटर सोडून दिलं तर ते आपल्याच वजनानं कोसळतं आणि सकाळी बोलणी खावी लागतात. दोन्ही हातांनी धरून खाली आणलं. शटरला तीन पुरत नाहीत. पाच मोजले, मग कुलूप लावलं.