रॉड की गॅस? हिवाळ्यातल्या गरम पाण्याचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत गोंदियाकडे पारा दहाच्या खाली जातो, आणि मुर्रीसारख्या गावात सकाळी पहिला प्रश्न असतो आंघोळीच्या पाण्याचा. युरोपात या दिवसांत अख्खं घर तापवावं लागतं. तिथं काही घरांत गॅसचा बॉयलर आणि विजेवरचा हीट पंप असे दोन्ही असतात, आणि कधी काय चालवायचं याचा हिशेब लोक मांडत बसतात. आपण घर तापवत नाही, बादली तापवतो. हिशेब मात्र तोच.

१५ लिटरची बादली घेऊ. टाकीतलं पाणी १८ अंशांवर, आंघोळीला हवं ४२. त्याला सुमारे ०.४२ युनिट उष्णता लागते. रॉड जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच सोडतो; थोडी गळती धरून ०.४५ युनिट वीज. शेगडीवर बरीच आच भांड्याच्या बाजूनं निघून जाते. ६० टक्के कामी आली असं धरलं, तर बादलीमागे ५५ ग्रॅम गॅस जातो. १४.२ किलोचं सिलिंडर ९०० रुपयांना धरा, म्हणजे बादली साडेतीन रुपयांना पडली.

आणि वीज? इथं आपण फसतो. बिलाला युनिटांनी भागून सरासरी दर काढतो. पण महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग. सोयीसाठी ६ आणि १२ रुपये धरू. खरा दर आपापल्या बिलावर बघा, सिलिंडरला अनुदान असेल तर तोही आकडा बदला. पहिल्या टप्प्यात बादली २ रुपये ७० पैशांत तापते, दुसऱ्यात ५ रुपये ४० पैशांत. गॅस मधोमध.

आता रोज पाच बादल्या लागणारी दोन घरं. एकाचा बाकीचा वापर महिन्याला १२० युनिटं. त्यांची प्रत्येक बादली महागड्या टप्प्यात पडते: रॉडवर ८१०, गॅसवर ५२५ रुपये. दुसऱ्या घरात पंखे बंद, वापर ५० युनिटं. त्यांना सगळं रॉडवर ५१० पडतं. पण तीन बादल्या रॉडवर आणि दोन गॅसवर केल्या, की १०० च्या आत राहून ४५३.

हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, एका युनिटात तीनेक युनिटांचं काम. महागड्या टप्प्यातही बादली दोन रुपयांच्या आत. कडक थंडीत त्याचं काम मंदावतं, म्हणून युरोपात तेव्हा बॉयलर पेटतो. आपल्या थंडीत तशी वेळ येत नाही. अडचण किमतीची आहे, साध्या गिझरच्या कितीतरी पट. वसतिगृहाला परवडेल, पाच बादल्यांच्या घराला अवघड.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात नकोच. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतच बेशुद्ध पडतो. रॉडचं बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

आणि एक गोष्ट, जी घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते: हिवाळ्यात विहिरीचं, बोअरचं ताजं पाणी कोमट लागतं. जमिनीखाली ते २५-२६ अंशांच्या आसपास असतं. टाकीत रात्रभर ठेवून आपणच ते गार करतो. सकाळी ताजं पाणी भरलं तर २४ ऐवजी १६ अंशच चढवायचे. एक तृतीयांश खर्च तिथंच कमी होतो, मग रॉड असो की गॅस.