गाठी वाढल्या, मृत्यू तेवढेच

गळ्याची सोनोग्राफी म्हणजे काही मिनिटांचं काम. खांद्यांखाली उशी, मान मागे, गळ्यावर गार जेल आणि कातडीवरून सरकणारा प्रोब. दुखत नाही, टोचत नाही. दक्षिण कोरियात ही तपासणी घरोघरच्या माणसांपर्यंत पोचली ती या सोपेपणामुळेच. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत तिथे जे झालं ते वाचताना मला आजही वाईट वाटतं.

१९९९ साली कोरिया सरकारने कर्करोग लवकर शोधण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. स्तन, गर्भाशयमुख, जठर यांच्या तपासण्या फुकट किंवा नाममात्र दरात होऊ लागल्या. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा त्यात समावेश नव्हता. पण तपासणीला आलाच आहात तर गळाही बघून घ्या, असं दवाखान्यांतून सांगितलं जाऊ लागलं. त्यासाठी ३० ते ५० डॉलरएवढे पैसे जास्त पडत. लोकांनी ते आनंदाने भरले. आपल्या माणसाच्या काळजीपोटी कोण भरणार नाही?

२०११ साली थायरॉइड कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं होतं. त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना या कर्करोगाचं निदान झालं आणि हा देशातला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग ठरला. या आजाराने होणारे मृत्यू मात्र वर्षाला ३०० ते ४०० च्या घरातच राहिले. रोग खरोखर पसरला असता तर मृत्यू वाढले असते. लवकर शोधल्याने जीव वाचत असते तर ते घटले असते. दोन्हींपैकी काहीच झालं नाही.

याचं उत्तर फिनलंडमध्ये १९८५ सालीच मिळालं होतं. तिथल्या संशोधकांनी शवविच्छेदनातल्या १०१ थायरॉइड ग्रंथींचे अडीच-अडीच मिलिमीटरचे काप करून पाहिले. ३६ जणांच्या ग्रंथीत पॅपिलरी या प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचे बारीक ठिपके निघाले. ही माणसं दुसऱ्याच कारणांनी गेली होती. गळ्यात असं काही आहे याचा त्यांना आयुष्यभर पत्ताही नव्हता. कोरियातल्या प्रोबखाली दिसू लागलं ते बहुतांशी हेच.

आणि एकदा ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडला की स्वस्थ कोण बसेल? निदान झालेल्या जवळपास सर्वांवर शस्त्रक्रिया झाल्या. साधारण दोन तृतीयांश लोकांची पूर्ण ग्रंथी काढली गेली. पूर्ण ग्रंथी गेली की रोज सकाळी रिकाम्या पोटी थायरॉक्सिनची गोळी घ्यायची, मग अर्धा तास थांबून चहा, आणि हे जन्मभर. विम्याच्या नोंदींवरून असं दिसलं की शस्त्रक्रिया झालेल्या ११ टक्के लोकांच्या शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी झाल्या. त्यात कॅल्शियम उतरतं, बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. २ टक्के लोकांची स्वरयंत्राची नस दुखावली. धडधाकट माणूस तपासणीला जातो आणि बसका आवाज घेऊन परत येतो. तरीही आपला जीव वाचला असंच त्याला वाटत राहतं, कारण गाठ तशीच राहिली असती तर काय झालं असतं हे त्याला कधीच कळणार नसतं. मला यातली सर्वांत दुखरी गोष्ट हीच वाटते.

मार्च २०१४ मध्ये तिथल्या आठ डॉक्टरांनी एकत्र येऊन जाहीर पत्र लिहिलं: लक्षणं नसलेल्यांची थायरॉइड सोनोग्राफी थांबवा. आपल्याच व्यवसायातल्या लोकांविरुद्ध असं उघड बोलायला धैर्य लागतं. वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने विषय उचलून धरला. वर्षभरात थायरॉइड कर्करोगाच्या शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानेही लक्षणं नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नये, असंच पुन्हा सांगितलं.

हे सारं लक्षणं नसलेल्यांबद्दल आहे. गळ्यात गाठ हाताला लागत असेल, आवाज बसून सुटत नसेल, घास गिळताना अडत असेल, लहानपणी मानेवर रेडिएशन झालं असेल किंवा घरात कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. आणि आपल्याकडच्या तपासणी पॅकेजमधली टीएसएच ही रक्ततपासणी वेगळी. ग्रंथीचं काम नीट चाललंय का, एवढंच ती सांगते. कर्करोगाशी तिचा संबंध नाही.

कोरियातली वाढ ज्या १९९३ सालापासून मोजली जाते, त्याच साली जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलात डॉ. अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून दुसरी वाट धरली गेली. एक सेंटिमीटरपर्यंतची, धोक्याच्या खुणा नसलेली पॅपिलरी गाठ असेल तर लगेच कापायची नाही, नजरेखाली ठेवायची. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांचीच गाठ ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली. ज्यांना पुढे गरज पडली त्यांची शस्त्रक्रिया तेव्हा केली, आणि उशीर झाला म्हणून कुणी दगावलं नाही. बाकीचे ठरलेल्या वेळी येतात, मान मागे करून पडतात, गाठ मोजून घेतात आणि आपली ग्रंथी शाबूत घेऊन घरी जातात.