ताळेबंदात न मावणारी मत्ता

दोन मेजे, दोन खुर्च्या, एक दूरध्वनी, एक जुने टंकलेखन यंत्र, चहाची एक किटली, तीन पेले आणि एक लहानशी पांढरी मोटारगाडी. बोत्स्वाना देशाची राजधानी गॅबोरोन येथे, क्गाले टेकडीच्या पायथ्याशी उघडलेल्या एका गुप्तहेर कचेरीची ही सारी मत्ता. तिसरा पेला ग्राहकासाठी! कथेचा आरंभ मालाच्या यादीने करणारी रहस्यकादंबरी विरळाच. व्यापारी घरातील वाचकास मात्र तेथेच आपलेपणा वाटावा.

अलेक्झांडर मॅक्‌कॉल स्मिथ यांच्या ‘द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी’ या मालिकेतील हे पहिले पुस्तक 1998 साली प्रसिद्ध झाले. आज मालिकेत विसांहून अधिक पुस्तके आहेत. लेखक जन्माने बुलावायोचे, पूर्वी एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय कायद्याचे प्राध्यापक होते. बोत्स्वाना विद्यापीठातही त्यांनी कायदा शिकविला.

नायिका म्मा प्रेशस रामोत्स्वे. ‘म्मा’ हे तेथील स्त्रियांसाठीचे आदरार्थी संबोधन. पुरुषांस ‘र्रा’ म्हणतात. तिचे वडील ओबेद यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणींत उमेदीची वर्षे घालविली, छातीचे दुखणे पदरी घेतले आणि त्या कमाईतून गुरांचा मोठा कळप उभा केला. मृत्युशय्येवर त्यांनी मुलीला सांगितले की, गुरे विकून एखादा धंदा घे. त्यांच्या मनात खाटकाचे किंवा मद्याचे दुकान होते. मुलीने सांगितले, गुप्तहेर कचेरी काढीन. वडिलोपार्जित भांडवल असे अनोळखी व्यवसायात घालणारीस कोणत्याही बँकेने चार प्रश्न अधिक विचारले असते.

व्यवसाय चालतो तो बेताचाच. चिटणीस ग्रेस माकुत्सी हिने सेक्रेटरियल कॉलेजच्या अंतिम परीक्षेत 97 टक्के गुण मिळविलेले. तरीही चांगल्या नोकऱ्या निम्मे गुण मिळविलेल्या देखण्या मुलींना मिळाल्या, हे शल्य ती विसरत नाही आणि इतरांस विसरू देत नाही. दोघींचा दिवस रुईबॉसच्या तांबूस चहावर आणि माणसांच्या अडचणींवर सरतो.

या अडचणी खुनाच्या क्वचितच असतात. बँकेत हिशेबाचे काम करणाऱ्या एका तरुणीच्या घरी एक गृहस्थ येतो, आपण तिचा परागंदा पिता असल्याचे सांगतो आणि मुक्काम ठोकतो. म्मा रामोत्स्वे परिचारिकेचा गणवेश घालून त्याच्याकडे जाते. मुलगी मरणोन्मुख आहे, तिला पित्याचे रक्त हवे, मात्र ते इतके की देणाऱ्याचा जीवही जाईल, असे ती सांगते. गृहस्थ पिता नसल्याचे तत्काळ कबूल करतो. ना पंचनामा, ना पोलीस.

त्याच पुस्तकातील पटेल यांचे प्रकरण आपल्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. हे बोत्स्वानात स्थायिक झालेले भारतीय वंशाचे धनाढ्य दुकानदार. शाळेत जाणारी कन्या नंदिरा हिचे कोणा मुलाशी संबंध असावेत या शंकेने ते तिच्यावर पाळत ठेवण्यास सांगतात. मुलगी गुप्तहेरास हातोहात चकविते आणि शेवटी स्वतःच तिला गाठून खरे सांगते. तो मुलगा अस्तित्वातच नाही. घरातील नजरकैदेला कंटाळून, थोडी मोकळीक मिळावी म्हणून तिनेच तो रचला आहे. गुन्हा नाही, गुन्हेगार नाही. शुल्क मात्र रीतसर ठरलेले. आता पित्याला काय सांगायचे? म्मा रामोत्स्वे वस्तुस्थिती सांगते आणि मुलीवरील पहारा सैल करण्याचा सल्लाही देते. तो ऐकण्यासाठी पैसे मोजलेले नसतात, आणि मोठ्या ग्राहकाला नको असलेले बोलण्यास धैर्य लागते. सावकारी पेढीतील जुन्या मुनिमाच्या अंगी ते असे.

या पुस्तकांची गोडी आहे ती येथे. सत्य शोधल्यावर ते कोणापुढे, किती आणि कोणत्या शब्दांत मांडायचे, हाच खरा पेच असतो. लबाडी उघडी पडते, पण शक्यतो माणूस उघडा पडत नाही. गावात, बाजारात, नात्यात उद्या पुन्हा त्याच माणसांशी व्यवहार करावयाचा असतो, हे नायिका जाणते.

बोत्स्वाना 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत गरीब होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला. चलनाचे नाव मात्र ‘पुला’, म्हणजे पाऊस. कोरड्या देशाने मोलाची वस्तू कोणती मानली, ते या नावात दिसते.

लेखकाने देश फार गोजिरवाणा रंगविला, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. त्या वर्षांत बोत्स्वानात एड्सचे थैमान होते. पुस्तकांत त्याचा उल्लेख बहुधा आडवळणाने येतो. तरीही अंधार अगदीच झाकलेला नाही. नायिकेचा पहिला पती तिला मारहाण करीत असे, तिचे तान्हे मूल दगावले, आणि पहिल्याच पुस्तकात जादूटोण्यासाठी पळविलेल्या मुलाचा शोध आहे. तेथे मात्र विनोद बाजूला राहतो आणि म्मा रामोत्स्वे पांढरी गाडी घेऊन एकटीच वाळवंटाच्या वाटेला लागते.